जनसुनावणीत शास्त्रज्ञ तोंडघशी पडतात ते या चुकांमुळे

ठाण्याच्या खाडीचं पाणी तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. डोकं मात्र पाण्यापेक्षा आमच्याच लोकांच्या बोलण्याने जास्त फिरलं.

पहिली चूक, माझी सगळ्यात नावडती: प्रश्न सरळ असताना उत्तर शोधनिबंधाच्या भाषेत देणं. नवी मुंबईत एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. आमच्यातला एक नुकताच डॉक्टरेट झालेला पोरगा बत्तीस स्लाइड घेऊन आला, सगळ्या इंग्रजीत. मांडवात प्रोजेक्टरच नव्हता. पुढच्या रांगेतून कोळीवाड्यातले एक आजोबा उठले. "सायेब, नाल्याच्या तोंडावरची कोलबी पोरांना देऊ का नको?"

उत्तर पोराच्या तक्त्यात होतं. तिथल्या नमुन्यांत शिसं मर्यादेच्या वर, भर खाडीतले ठीक. म्हणजे 'नाल्यापाशी धरलेली नको, आतली चालेल.' पण तो म्हणाला, "निश्चित निष्कर्षासाठी अधिक अभ्यासाची गरज आहे." आजोबा खाली बसले. शेवटी इतिवृत्त वाचलं गेलं, त्यात कोळंबीपुढे एवढंच: 'तज्ज्ञांच्या मते निश्चित पुरावा नाही.' आमचा सावधपणा सरळ प्रकल्पवाल्यांच्या खात्यात जमा झाला.

आणि ते दुरुस्त करता आलं असतं. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीचा गोषवारा त्याच दिवशी लोकांसमोर, त्यांच्या भाषेत समजावून सांगून मगच त्यावर सही होते. हात वर करायचा तो तेव्हा. आम्ही दोघं त्या वेळी लॅपटॉप पिशवीत भरत होतो. मीसुद्धा.

तेव्हापासून मी आधी उत्तर देतो, 'पण' नंतर जोडतो. लेखी निवेदन दोन प्रतींत नेतो आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय मांडव सोडत नाही. तयार मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून खाली सही ठोकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? शंभर जणांची एकच हरकत वाचणारा एकदाच वाचतो.

दुसरी चूक हवेची. आपल्या हवा निर्देशांकात १०१ ते २०० ला 'मध्यम' म्हणतात. मिसळ मध्यम तिखट म्हटली की आपण निर्धास्त खातो, तसंच लोक हेही ऐकतात. प्रत्यक्षात १०० च्या वर जाणं म्हणजे आपल्याच देशाची मर्यादा ओलांडणं. सूक्ष्म कणांसाठी (पीएम २.५) ती २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. दम्याच्या माणसाला 'मध्यम' हवेतही त्रास होऊ शकतो. म्हणून मी वर्गाचं नाव घेतच नाही. "आजी, आज सकाळी फिरायला नको," एवढं सांगतो.

कोपरखैरणेकर रात्री दोनला वास येतो म्हणून फोन करतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर २४ तासांची सरासरी फेकू नका. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, वर उबदार थराचं झाकण, वारा पडलेला. धूर खालीच कोंडतो. आणि कणांच्या आकड्यात वायूचा वास दिसतही नाही. ते खोटं बोलत नसतात, तुम्ही चुकीचा आकडा दाखवत असता.

'फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ', हे भाषणात कृपा करून नको. छोटा रोहित, म्हणजे खाडीत येणारा लहान फ्लेमिंगो, सूक्ष्म शेवाळ खातो, आणि शेवाळाला सांडपाण्यातलं खत मानवतं. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला, तो पाणी पिण्याजोगं झालं म्हणून नव्हे.

मोजमाप कुठे संपलं आणि मत कुठे सुरू झालं, हे तोंडाने सांगा. मत जरूर द्या, पण आकड्याच्या पाठीमागे लपवून नको.

पत्रकाराला आकडा दिलात की तो परत वाचून दाखवायला सांगा. राग येत नाही कुणाला.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. तरी आमची तरुण मंडळी प्रकल्पाचा अहवाल आदल्या रात्री उघडतात आणि सारांश यंत्राकडून काढून घेतात. मग माईकसमोर पान सापडत नाही.

माझी सवय जुनाट आहे. बोलायची मुख्य ओळ पाकिटाच्या पाठीवर लिहायची आणि चेंदणीत मासळी घेताना मावशींना वाचून दाखवायची. परवा अशीच एक वाचली. पापलेट खवलता खवलता त्या म्हणाल्या, "म्हणजे खायची का नाय, तेवढं बोला ना." ओळ तिथेच खोडली.