फ्रीसलंडमधल्या खेड्याचा इतिहास कसा शोधावा: आडनाव बाजूला ठेवा, शेताचा नंबर धरा

नेदरलँड्सच्या उत्तरेतल्या फ्रीसलंड प्रांतातल्या एखाद्या खेड्याचा इतिहास काढायला बसलात, की कुणीतरी हमखास सांगतं: "आधी आडनाव शोधा." ऐकू नका. तिथल्या बहुतेक साध्या माणसांनी पक्कं आडनाव घेतलं ते १८११ मध्ये, नेपोलियनच्या हुकमानं. त्याआधीच्या कागदांत आडनाव शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

पहिलं काम म्हणजे गाव नक्की कुठलं ते ठरवणं. आउडेगा नावाची गावं या एका प्रांतात तीन आहेत. बऱ्याच गावांची डच आणि फ्रिशियन नावं वेगवेगळी, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. जुनं दफ्तर 'ग्रीतनाय'वार लावलेलं असतं. आपल्या तालुक्यासारखा हा विभाग १८५१ पर्यंत होता. हेगेबेइन्टम आज नूर्डएस्ट-फ्रीस्लान नगरपालिकेत आहे, पण त्याचे जुने कागद फेर्वेर्डेराडेल या ग्रीतनायखाली बघायचे.

एकदा गावात जाऊन या. हेगेबेइन्टमचं चर्च ज्या मानवनिर्मित टेकाडावर, म्हणजे 'टेर्प'वर उभं आहे, ते समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर उंच आहे. देशातला सगळ्यात उंच टेर्प हाच. अशा टेर्पांची कसदार माती खत म्हणून खणून विकली गेली, म्हणून चर्चच्या कडेला जमीन एकदम तुटल्यासारखी दिसते.

आता माणसं. मी घसरले ती इथेच.

मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, ही रीत आपल्याला नवी नाही. यानचा मुलगा पीटर, तो 'पीटर यान्स'. थोरल्या मुलाला बहुधा आजोबांचं नाव, म्हणून पीटरचा मुलगा 'यान पीटर्स' आणि त्याचा मुलगा पुन्हा 'पीटर यान्स'. त्यात चुलत घरातही हीच नावं. एकाच गावातले दोन पीटर यान्स मी एक समजले आणि त्यावर चार पिढ्यांची वंशावळ रचली. पुढे त्यातल्या एकाच्या विधवेचं नाव सापडलं, तेव्हा दुसरा पीटर अजून जमीन कसत होता. सहा महिने पाण्यात.

म्हणून शेताचा नंबर धरा. फ्रीसलंडमध्ये गावातलं मत माणसाला नव्हतं, शेतवाडीला होतं. अशा वाड्यांच्या नोंदवह्या, 'स्टेमकोहिर', १६४० आणि १६९८ च्या आहेत, आणि १७०८ पासून दर दहा वर्षांनी. प्रत्येक वाडीला नंबर, पुढे मालक आणि वहिवाटदार; सातबाऱ्यावर मालक आणि कूळ असतात तसंच. मोठा तक्ता आखा: ओळीला वाडी, रकान्याला वर्ष. मालक एका रंगात, कसणारा दुसऱ्या रंगात. हे रंग आळसापोटी टाळू नका. सरदार घराणी मतांसाठी वाड्या विकत घेत, कारण ग्रीतनायचा प्रमुख निवडण्यात त्या मतांचं वजन असे. त्यामुळे 'मालक' म्हणून लिहिलेला माणूस गावात राहत होता असं धरलंत की फसलात.

दुसरी नोंदवही जमीनकराची, 'फ्लोरेनकोहिर'. तिचे नंबर वेगळे. मतनोंदीतला ७ आणि करनोंदीतला ७ ही एकच वाडी समजू नका. दोन्ही नंबर शेजारी शेजारी लिहा आणि नावांवरून जुळवा. मग १८३२ च्या भूमापनाचा नकाशा उघडा. हिसगिस या जुन्या नकाशांच्या संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. इथे वाडी जमिनीवर उतरते.

तक्ता भरल्यावरच चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी बघा. त्या लेउवार्डनच्या ट्रेसोआर दफ्तरखान्यात आहेत आणि 'आलेफ्रीझेन' या संकेतस्थळावर नावानं शोधता येतात.

शेवटी १७५२ पासून निघणाऱ्या लेउवार्डर कौरांट या वर्तमानपत्रातल्या जमीनविक्रीच्या जाहिराती चाळा. क्षेत्र पोंडेमाटमध्ये दिलेलं असतं: एक पोंडेमाट म्हणजे आपले साधारण ३६ गुंठे.