कॉलेज फुटबॉल : चाहत्यांच्या मतांतून संघांची क्रमवारी कशी लावावी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (हा अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) सर्वांत वरच्या गटात, एफबीएसमध्ये, १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात. नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात, म्हणजे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. आयपीएलसारखा एकच गुणतक्ता इथे मांडता येत नाही. त्यामुळे या खेळात मत विचारण्याची प्रथा फार जुनी आहे. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, १९३६ पासून दर आठवड्याला क्रीडापत्रकारांची मते घेते. प्रशिक्षकांचा वेगळा पोल १९५० मध्ये सुरू झाला. कित्येक दशके तर राष्ट्रीय विजेता कोण, हेसुद्धा या मतांवरच ठरत होते.

हेच काम चाहत्यांचा एखादा गटही करू शकतो, आणि मनापासून केले तर फार चांगले करू शकतो. पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, ऍरिझोना स्टेट अशा विद्यापीठांत शिकलेली कितीतरी मराठी मुले-मुली पदवीनंतरही आपल्या संघाचे सामने सोडत नाहीत. अशा मित्रमंडळींना हंगामभर पुरेल असा हा उद्योग आहे. एवढेच पाहावे लागते, की मतदारांना नेमके काय विचारले आणि प्रत्येकाने काय उत्तर दिले, हे सगळ्यांना दिसले पाहिजे. यातले एक जरी झाकलेले राहिले, तरी त्या क्रमवारीवर कोणी विश्वास का ठेवावा?

पायरी १ : आधी प्रश्न ठरवा

‘सर्वोत्तम संघ कोणता?’ हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. २०२३ चा हंगाम आठवा. फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले, एसीसी कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या साखळीगटाचे, विजेतेपदही मिळवले. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला होता. त्या वेळी प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, चारच जागा होत्या. तेरा जणांच्या निवड समितीने चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला दिली आणि फ्लोरिडा स्टेटला पाचवे ठेवले. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

समितीने ‘आज मैदानात उतरले तर कोण जिंकेल?’ याला वजन दिले. संतापलेले चाहते ‘हंगामभर कोणी काय करून दाखवले?’ असे विचारत होते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाच पोलमध्ये निम्म्या मतदारांनी एकाचे आणि निम्म्यांनी दुसऱ्याचे उत्तर दिले, तर बेरजेतून काहीच अर्थ निघत नाही. माझा कल दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. खेळाडूंनी घाम गाळून जिंकलेला सामना हा पुरावा असतो. उद्या कोण जिंकेल हा अंदाज. तुमच्या गटाला पहिला प्रश्न आवडला तर तो घ्या. मात्र जो निवडाल तो एका वाक्यात लिहा आणि दर आठवड्याच्या मतपत्रिकेच्या माथ्यावर छापा.

पायरी २ : मतदारांची यादी पक्की करा

ज्याला लिंक मिळेल त्याने मत द्यावे, अशी पद्धत ठेवू नका. ओहायो स्टेट किंवा टेक्सासचे माजी विद्यार्थी लाखोंनी आहेत; लिंक त्यांच्या ग्रुपवर गेली की पोल संपला. सामने सुरू होण्याआधी नावे नोंदवा आणि हंगामभर तीच ठेवा. पंधरा-वीस जण पुरेत, पण ते एकाच गावचे किंवा एकाच विद्यापीठाचे नसावेत. एसईसी, बिग टेन, बिग १२, एसीसी आणि छोट्या कॉन्फरन्स या सगळ्यांचे सामने नेमाने पाहणारे कोणीतरी यादीत हवे. एपीचे साठेक मतदार वेगवेगळ्या राज्यांतून निवडले जातात, तेही याच कारणाने.

‘आपल्या संघाला मत देऊ नये’ असा नियम बहुतेकांना लगेच सुचतो. तो करू नका. समजा, तुमच्या गटात मिशिगनचे चार जण आहेत. त्यांनी मिशिगनला वगळले, की त्या संघाला चार मतपत्रिकांचे गुण मिळतच नाहीत, आणि ज्यांचा एकही चाहता गटात नाही ते संघ आपोआप वर सरकतात. नियम ठेवायचाच असेल, तर त्या संघासाठी एकूण गुणांऐवजी सरासरी काढावी लागते, आणि मग हिशेब किचकट होतो. त्यापेक्षा प्रत्येक मतदाराच्या नावापुढे त्याचा संघ लिहा. पक्षपात झाला तर तो सगळ्यांना दिसेल, आणि दिसणार आहे हे माहीत असले की माणूस आपल्या संघाला उगाच वर नेत नाही.

पायरी ३ : किती संघ, किती गुण

पहिल्या वर्षी दहाच संघांची क्रमवारी घ्या. खुद्द एपीचा आकडाही बदलत आला आहे. सुरुवातीला वीस संघ होते, १९६१ ते १९६७ दहा, आणि १९८९ पासून पंचवीस. पंचवीस संघांवर प्रामाणिक मत द्यायचे तर आठवड्याला बराच वेळ मोडतो.

एपीची पद्धत सोपी आहे. पंचविसांच्या यादीत पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत शेवटच्याला १. दहाच्या यादीत १० पासून १ पर्यंत. पसंतीक्रमावरून गुण देण्याची ही रीत अठराव्या शतकातल्या बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. नुसती पहिल्या क्रमांकाची मते मोजण्यापेक्षा ती बरी का, हे एका छोट्या गणितावरून समजेल.

नऊ मतदार आहेत आणि तीन संघ. चौघांचा क्रम अ, ब, क. तिघांचा ब, क, अ. दोघांचा क, ब, अ. पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक मते अ ला आहेत, चार. पण ३-२-१ असे गुण दिले, तर अ ला १७, ब ला २१ आणि क ला १६ मिळतात. पाच जणांनी अ ला शेवटचे ठेवले होते, ब ला मात्र कोणीच नाही. गटाचे एकत्रित मत ब च्या बाजूने आहे, हे गुणांमुळे कळले.

पायरी ४ : मतपत्रिका भरणे

खरे कष्ट इथे आहेत.

दर आठवड्याला कोऱ्या कागदावरून सुरुवात करा. मागच्या आठवड्याची यादी समोर ठेवली की हात आपोआप एकाच वळणाने चालतो : जिंकला तो जागेवर, हरला तो चार-पाच पायऱ्या खाली. अशाने ऑगस्टमधला अंदाज नोव्हेंबरपर्यंत चिकटून राहतो, आणि हंगामापूर्वीचे अंदाज किती फसतात याचे दाखले हवे तेवढे आहेत. २०१२ मध्ये एपीने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) पहिल्या क्रमांकावर ठेवून सुरुवात केली. हंगाम संपला तेव्हा तो संघ यादीतच नव्हता. २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट दहावा होता आणि १२ पैकी फक्त दोन सामने जिंकला. म्हणून चाहत्यांच्या गटाने पहिले मतदान सप्टेंबरच्या अखेरीस, प्रत्येक संघाचे चारेक सामने झाल्यावर घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. घाई कसलीच नाही.

मग प्रत्येक संघाने कोणाला हरवले ते लिहा. नुसता ‘६-०’ हा आकडा फसवा असतो. खालच्या एफसीएस गटातल्या संघाला स्वतःच्या मैदानावर हरवणे आणि ऑक्टोबरच्या रात्री प्रतिस्पर्ध्याच्या लाखभर प्रेक्षकांसमोर जिंकणे यांत मोठा फरक आहे. (एफसीएसचे संघही कधीकधी इतिहास घडवतात. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलाचियन स्टेटने पाचव्या क्रमांकावरच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. त्यानंतर एपीने नियम बदलून त्या गटातल्या संघांनाही मते देण्याची मुभा दिली.)

दोन संघ जवळजवळ सारखे वाटले, तर ते एकमेकांशी खेळलेत का ते पाहा. खेळले असतील तर जिंकलेला वर, एवढे पुरते. पण दर वेळी नाही. २००८ मध्ये बिग १२ कॉन्फरन्समध्ये टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले. टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असे हरवले, तेही अगदी शेवटच्या सेकंदाला. आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकची ६५-२१ अशी धूळधाण उडवली. नियमित हंगामाअखेर तिघांच्याही नावावर एकच पराभव होता. कोणालाही वर ठेवा, त्याला हरवणारा त्याच्या खाली येतोच. कॉन्फरन्सच्या नियमाप्रमाणे अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या तेव्हाच्या बीसीएस क्रमवारीवरून ओक्लाहोमा पुढे गेला, आणि टेक्सासचे चाहते आजही ‘४५-३५’ एवढेच म्हणतात.

असा पेच आला तर तीन गोष्टी क्रमाने तपासा. बाकीचे प्रतिस्पर्धी किती तगडे होते? सामना कोणाच्या मैदानावर झाला? जिंकताना किती फरक होता? फरकाला शेवटचे स्थान द्या, कारण निकाल लागल्यावर राखीव खेळाडू मैदानात येतात आणि शेवटचे गुण फारसे काही सांगत नाहीत. धावफलकापेक्षा दर चालीमागे मिळालेले यार्ड (चेंडू किती पुढे नेला) आणि टर्नओव्हर (चेंडू किती वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला) पाहिले, तर कोण खरोखर वरचढ होते याचा अंदाज येतो. संघाला सुट्टीचा आठवडा असेल, तर त्याला शिक्षाही नको आणि बक्षीसही नको; मात्र त्याने पूर्वी हरवलेले संघ या आठवड्यात कसे खेळले याचा हिशेब नव्याने करा.

शेवटी, गेल्या आठवड्यापेक्षा जे संघ तीन किंवा अधिक जागा हलले असतील, त्यांच्यापुढे एका ओळीत कारण लिहा. ती एक ओळ लिहिताना कितीतरी चुकीचे क्रम आपोआप दुरुस्त होतात.

पायरी ५ : वेळ बांधून घ्या

मुख्य सामने शनिवारी होतात. पश्चिम किनाऱ्यावरचे शेवटचे सामने पूर्वेकडच्या घड्याळात मध्यरात्र उलटून संपतात, आणि एपीची क्रमवारी रविवारी दुपारी येते. तुमची मुदत पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रविवारी दुपारी १२ ठेवा, म्हणजे एपीची यादी पाहून कोणाला मत घडवता येणार नाही. गटात भारतात राहणारे असतील तर त्यांच्यासाठी ही वेळ रविवार रात्री ९:३० ची होते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे मागे गेली की १०:३०. शनिवारी संध्याकाळी ७:३० चा मोठा सामना पुण्यात रविवारी पहाटे पाचला सुरू होतो. तेव्हा भारतातल्या मंडळींना तो पाहून, झोप काढूनही अख्खा दिवस उरतो.

पायरी ६ : मोजणी आणि पडताळा

एक्सेलच्या शीटमध्ये उभ्या रांगेत संघ, आडव्या रांगेत मतदार. दहा संघांच्या प्रत्येक मतपत्रिकेची बेरीज ५५ यायलाच हवी, पंचविसांची ३२५. पंधरा जणांनी मत दिले तर सगळ्या संघांचे गुण मिळून १५ गुणिले ५५, म्हणजे ८२५ भरले पाहिजेत. आकडा जुळला नाही तर कोणीतरी एखादा संघ दोनदा लिहिला आहे किंवा एक जागा रिकामी सोडली आहे.

गुण समान झाले तर दोघांना एकच क्रमांक द्या आणि पुढचा क्रमांक सोडा. विचित्र वाटणारी मतपत्रिका काढून टाकू नका. मतदाराला कारण विचारा, ते सगळ्यांना वाचू द्या आणि मत मोजा. कित्येकदा तोच माणूस एखादा छोटा संघ सगळ्यांच्या आधी ओळखतो.

पायरी ७ : सगळे उघड करा

अंतिम यादीत चार गोष्टी हव्यात : क्रमांक, एकूण गुण, पहिल्या क्रमांकाची मते, आणि त्या संघाला मिळालेला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा क्रम. शेवटची गोष्ट फार बोलकी असते. एखादा संघ सगळ्यांकडे चौथा-पाचवा असेल आणि दुसरा कोणाकडे पहिला तर कोणाकडे दहावा, तर दोघांची सरासरी सारखी येऊनही चर्चा दुसऱ्याचीच व्हायला हवी. यादीत न बसलेल्या पण गुण मिळालेल्या संघांची नावे खाली द्या.

आणि प्रत्येक मतपत्रिका नावासकट प्रसिद्ध करा. एपीच्या मतदारांची मते अशीच उघड असतात. प्लेऑफच्या निवड समितीत कोणी कोणाला कितवे ठेवले हे मात्र बाहेर येत नाही, म्हणूनच २०२३ सारख्या निर्णयानंतर लोकांना फक्त तर्क करत बसावे लागले.

पायरी ८ : शेवटच्या मतदानाचा नियम आधीच लिहा

२०२४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये १२ संघ आहेत, आणि त्याच वर्षी एक महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. ओरेगनने प्लेऑफपूर्वीचे सर्व १३ सामने जिंकले होते. ओहायो स्टेट दोन हरला होता. प्लेऑफमधल्या रोझ बोल सामन्यात ओहायो स्टेटने ओरेगनला ४१-२१ असे हरवले आणि पुढे अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ असे हरवून विजेतेपद घेतले. अशा वेळी अंतिम सामन्याच्या विजेत्याला पहिला क्रमांक द्यायलाच हवा, की मतदार मोकळे आहेत? २००३ मध्ये हा वाद खराच झाला. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) बीसीएसचा अंतिम सामना जिंकला आणि प्रशिक्षकांच्या पोलमध्ये तोच पहिला आला, कारण त्या सामन्याच्या विजेत्यालाच मत देण्याचे बंधन प्रशिक्षकांवर होते. पत्रकारांवर ते नव्हते. त्यांनी यूएससीला पहिले ठेवले. एका वर्षाचे दोन विजेते झाले.

मी मतदारांना मोकळे सोडेन, कारण पहिल्या पायरीत ठरवलेला प्रश्न जानेवारीतही तोच असतो. तुमच्या गटाला बंधन हवे असेल तर तेही चालेल. पण हे ऑगस्टमध्ये, कोणाचा संघ कुठे पोहोचणार हे कोणालाच माहीत नसताना, लिहून सगळ्यांची संमती घ्या.