हिरो बाहेर कसा वागतो हे कळल्यावर ॲक्शन पिक्चर कसा बघायचा

आधीच सांगते, "कला वेगळी, कलाकार वेगळा" हे ॲक्शन पिक्चरला लावून बघितलं तर फार टिकत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी टिकलं नाही. कादंबरी वाचताना लेखक समोर नसतो, इथे मात्र माणूस अख्खा अंगानिशी समोर असतो, तोच पळतोय, तोच मारतोय, तोच पडतोय, आणि वर तो दुबळ्याच्या बाजूने उभा राहणारा आहे असं धरूनच आपण त्याच्या प्रत्येक ठोशाला मनातल्या मनात "अजून एक दे" म्हणत असतो. ते धरणं सुटलं की समोर नुसती हाणामारी उरते. पण दरवेळी सुटतंच असं नाही, म्हणून मी आपली एक पद्धत बसवलीये, ती लिहिते, पटली तर घ्या.

बातमी आली की पहिल्यांदा बघायचं की नुसता आरोप आहे का कोर्टाचा निकाल लागलाय. तेवढं झालं की एकच प्रश्न विचारायचा, हे वागणं पडद्यावर दिसतं का? माणूस चांगला का वाईट हे ठरवत बसू नका, ते ठरत नाही आणि पिक्चर राहतो बाजूला.

सगळ्यात जास्त त्रास कधी होतो तर बातमी आणि सीन एकाच जातीचे असतात तेव्हा. हॉलिवूडच्या जोनाथन मेजर्सचं बघा. 'क्रीड 3' आला 3 मार्च 2023 ला, त्यात तो बॉक्सर, अंगाने दगडासारखा, आणि 25 मार्चला त्याला तेव्हाच्या मैत्रिणीला मारल्याच्या आरोपावरून अटक झाली. डिसेंबरमध्ये ज्युरीने चारपैकी दोन आरोपांत दोषी धरलं, मार्व्हलने (सुपरहिरोंचे पिक्चर काढणारी कंपनी) लगेच काढून टाकला. आता ज्यांनी पहिल्या आठवड्यात बघितला आणि ज्यांनी वर्षभराने घरी बघितला त्यांनी पिक्चर तोच बघितला पण ठोसा तोच बघितला नाही. पहिल्याला वाटलं काय ताकद आहे, दुसऱ्याला त्या हाताचं दुसरंच काहीतरी आठवलं. असं होत असेल तर जबरदस्ती करू नका, बंद करा. "मी काय एवढी लेचीपेची आहे का" म्हणून मी एकदा असा एक पिक्चर (नाव जाऊ द्या) शेवटपर्यंत रेटला होता, दोन तास नुसती त्याच्या मुठींकडे बघत बसले, स्टोरी काय होती विचाराल तर शून्य.

दुसरी जात म्हणजे अहंकार, आणि ही खरं तर बघायला मजेदार आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने 2019 मध्ये बातमी दिली होती की 'फास्ट अँड फ्युरियस' वाल्या हिरोंचा हिशोब चालायचा की फायटिंगमध्ये कोणी किती मार खायचा, म्हणजे कोणी कमजोर दिसता कामा नये. आणि विन डिझेल आणि ड्वेन जॉन्सनचं इतकं वाजलं होतं की आठव्या भागात आमचा एकत्र एकही सीन नाही हे जॉन्सनने स्वतः सांगितलं. हे वाचल्यावर फाईट बघायची रीतच बदलते. हिरो किती फटके देतो हे मोजू नका, किती खातो ते मोजा. पडला तर उठायला किती वेळ लावतो ते बघा. दोघं तगडे समोरासमोर आले आणि अगदी निकालाच्या क्षणी काहीतरी स्फोट झाला किंवा तिसराच कोणी मधे आला की समजायचं, इथे स्टोरीने नाही, दोन मॅनेजरांनी तोडगा काढलाय (हा माझा अंदाज हं, पण एकदा ही सवय लागली की सुटत नाही). दोघं बोलतायत पण एकाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याची नुसती पाठ किंवा तेवढंही नाही, असं तीनचार वेळा झालं तर दोघं त्या दिवशी सेटवर तरी एकत्र होते का बघा.

बाहेरच्या वागण्याने पिक्चर बिघडतो तो इथे, खरोखर बिघडतो, कारण मार न खाणारा हिरो कंटाळवाणा असतो. ज्याला लागत नाही त्याची काळजी कोण करणार.

मग टॉम क्रूझ. डिसेंबर 2020 मध्ये सेटवर कोविडचे नियम मोडले म्हणून तो क्रूवर जे ओरडला त्याचा ऑडिओ बाहेर आला, शिव्या वगैरे सगळं. काही म्हणाले बरोबर बोलला, काही म्हणाले साहेबी दाखवतोय. मला दोन्ही पटतं. पण हाच माणूस 2017 मध्ये लंडनला एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना घोटा मोडून घेतो आणि तरी उठून लंगडत कॅमेऱ्याच्या बाहेर पळत जातो, आणि तो शॉट 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट' मध्ये तसाच ठेवलाय. थांबवून बघा, पाय भिंतीवर आपटतो आणि नको त्या बाजूला वळतो. जो हट्ट तिथे दिसतो तोच त्या ऑडिओत ऐकू येतो, एक आवडतो आणि एक आवडत नाही असं म्हणता येतं पण दोन वेगळी माणसं आहेत असं नाही म्हणता येत.

चांगल्या बातम्यांपासूनही जपा हं. कियानू रीव्हजने 'मेट्रिक्स' च्या दुसऱ्या भागाच्या वेळी स्टंटवाल्यांना मोटरसायकली दिल्या हे सगळ्यांना पाठ आहे आणि मलाही तो प्रचंड आवडतो, आणि त्यामुळेच त्याचे एकदोन रद्दड पिक्चर मी "छान आहे की" म्हणून लोकांना बघायला लावलेत. नंतर शिव्या मी खाल्ल्या.

आता समजा बातमी डोक्यातून जात नाहीये पण पिक्चर बघायचाच आहे, तर नजर हलवा. हिरोवरून काढा आणि त्याच्या आजूबाजूच्यांवर ठेवा. जिन्यावरून गडगडत येणारा तो कोणीतरी, काचेतून बाहेर फेकला जाणारा, पाठमोरा दिसतो तो डबल (हिरोच्या जागी स्टंट करणारा), त्यांचा पिक्चर म्हणून बघा. चॅड स्टाहेल्स्की 1999 च्या 'मेट्रिक्स' मध्ये कियानूचा स्टंट डबल होता, नंतर 'जॉन विक' त्यानेच डायरेक्ट केला, म्हणून तिथे कॅमेरा लांब उभा राहतो आणि मार अख्खा दिसतो. आणि ऑस्करवाल्यांना स्टंट डिझाइनला बक्षीस द्यायचं सुचलं ते 2025 मध्ये, तेही 2027 च्या पिक्चरपासून लागू! शंभर वर्षं होत आली तेव्हा. एका माणसाच्या बातमीपायी या शंभरदोनशे लोकांची हाडं वाया घालवायची का, हा विचार मला तरी बऱ्याचदा पिक्चरपर्यंत परत नेतो. नेहमी नाही.

कधीकधी पिक्चरवालेच बातमी आत घेतात. विल स्मिथने मार्च 2022 मध्ये ऑस्करच्या स्टेजवर ख्रिस रॉक या कॉमेडियनच्या थोबाडीत मारली, दहा वर्षं त्यांच्या कार्यक्रमांना बंदी, आणि 2024 च्या 'बॅड बॉइज' मध्ये मार्टिन लॉरेन्स त्यालाच सटासट थोबाडीत मारतो. मी हसले. मग थोडं खटकलं, कारण खरी थोबाडीत ज्याने खाल्ली तो यात कुठेच नाहीये, आपल्याला हसवून हिशोब परस्पर मिटवलाय. असा सीन आला की हसा, पण कोणाच्या खर्चाने हसतोय ते लक्षात राहू द्या.

एक शेवटचं, सोबत बघणाऱ्यांचं. तुम्हाला चालतंय आणि बाजूच्याला चालत नाही, किंवा उलटं, तर पिक्चर चालू असताना फोन काढून "अगं हे वाचलंस का याने काय केलंय" करू नका. माझ्या बहिणीने हे केलंय, क्लायमॅक्सला, हिरो छपराला एका हाताने लोंबकळत असताना, आणि खरं सांगते, त्यानंतर तो पडला तरी चाललं असतं मला.