ठाणे खाडीवरचे संशोधन एकमेकांपर्यंत पोहोचावे म्हणून: खुल्या डिजिटल संग्रहात शोधसाहित्य कसे ठेवावे

ठाणे खाडीवर काम करणारे अभ्यासक किती वेगवेगळ्या विषयांतून येतात, हे पाहण्यासारखे आहे. प्राणिशास्त्राचा अभ्यासक ओहोटीच्या वेळी चिखलातील शिंपल्या मोजतो. रसायनशास्त्राचा अभ्यासक ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या गाळात जड धातू किती आहेत ते तपासतो. समाजशास्त्राचा अभ्यासक कोळीवाड्यांत बसून मासेमारीचा धंदा कसा आक्रसत गेला याच्या मुलाखती घेतो. इतिहासाचा अभ्यासक मिठागरांचे जुने दप्तर चाळतो आणि स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी पुलांच्या आसपास गाळ कसा साचतो याचे गणित मांडतो. खाडी एकच आहे, पण हे पाचही जण एकमेकांचे लेखन क्वचितच वाचतात, कारण प्रत्येकाचे काम आपापल्या विषयाच्या नियतकालिकात, विभागाच्या कपाटात किंवा एखाद्या पेनड्राइव्हवर पडून असते. खाडीच्या एका भागाला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशा क्षेत्राविषयीचे निर्णय एकाच विद्याशाखेच्या माहितीवर घेता येत नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांतले अध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि कोणत्याही संस्थेशी संलग्न नसलेले अभ्यासक आपले शोधसाहित्य खुल्या डिजिटल संग्रहांत कसे ठेवू शकतात, ते येथे क्रमाने सांगितले आहे. फाइल चढवणे हे त्यातले लहान काम आहे. आपल्या विषयाची परिभाषा न जाणणाऱ्या वाचकाला ती फाइल सापडेल आणि समजेल अशी नोंद लिहिणे हे मोठे काम, आणि नेमके तेच बहुतेक वेळा घाईघाईत उरकले जाते.

आधी हक्क तपासावेत

शोधनिबंध छापून आला असेल, तर प्रकाशकाबरोबर झालेला करार प्रथम वाचावा. एकाच निबंधाची साधारणपणे तीन रूपे असतात: परीक्षणासाठी पाठवण्यापूर्वीचा मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट, परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेले आणि संपादकांनी स्वीकारलेले, पण प्रकाशकाने अजून मांडणी न केलेले हस्तलिखित, आणि नियतकालिकाच्या मांडणीत छापलेली अंतिम प्रत. छापील प्रत खुली करण्याची परवानगी अनेक प्रकाशक देत नाहीत, पण स्वीकृत हस्तलिखित ठेवू देतात. काही जण त्यासाठी ठरावीक महिने थांबण्याची अट घालतात. कोणत्या नियतकालिकाचे धोरण काय आहे, हे ब्रिटनमधील जिस्क या संस्थेच्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या विनामूल्य सेवेत नियतकालिकाचे नाव घालून पाहता येते. पूर्वी हीच माहिती ‘शेर्पा रोमिओ’ या नावाने मिळत असे. म्हणूनच स्वीकृत हस्तलिखिताची प्रत जपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. निबंध छापून आला की ती वर्ड फाइल बहुतेकांकडून हरवते आणि खुली करता येण्याजोगी एकमेव प्रत हातची जाते.

संशोधनाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचे अनुदान मिळाले असेल, तर या दोन विभागांच्या डिसेंबर 2014 च्या धोरणानुसार त्यातून निघालेले निबंध खुल्या संग्रहात ठेवणे अपेक्षितच आहे. 2025 पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली, हे खरे. परंतु त्या संस्थांच्या बाहेर असलेला वाचक, मग तो निवृत्त शिक्षक असो, स्थानिक पत्रकार असो की मच्छीमार सहकारी संस्थेचा कार्यकर्ता, या सोयीत बसत नाही. ज्याच्या जगण्यावर आपण निबंध लिहिला त्यालाच तो वाचता येऊ नये, हे मला कधीही पटलेले नाही.

संग्रह कोणता निवडावा

पीएचडीचा प्रबंध विद्यापीठामार्फत ‘शोधगंगा’वर जातो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा संग्रह विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर उभा राहिला, आणि मराठीतील प्रबंधही तेथे आहेत. मात्र प्रबंधामागची मूळ निरीक्षणे, मुलाखतींच्या संहिता, नकाशे आणि नंतर लिहिलेले लेख यांची सोय वेगळी करावी लागते.

विषयनिहाय संग्रहांत सर्वांत जुना आणि प्रतिष्ठित म्हणजे ‘अर्काइव्ह’. पॉल गिन्स्पार्ग यांनी तो 1991 मध्ये लॉस अलामोस येथे भौतिकशास्त्राच्या मसुद्यांसाठी सुरू केला आणि 2001 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात आला. जीवशास्त्रासाठी ‘बायोअर्काइव्ह’, वैद्यकासाठी ‘मेडअर्काइव्ह’ आणि सामाजिक शास्त्रांसाठी ‘एसएसआरएन’ आहेत. आपला वाचक आपल्याच विषयातला असेल, तर हे संग्रह उत्तम. परंतु एकाच खाडीवरचे रसायन, इतिहास आणि समाजशास्त्र एका ठिकाणी दिसावे असा हेतू असेल, तर सर्व विषयांचे साहित्य स्वीकारणारा संग्रह निवडावा आणि त्यासाठी माझी पसंती ‘झेनोडो’ला आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधन संस्था 2013 पासून तो चालवते. त्यावर निबंध, माहितीसंच, छायाचित्रे, ध्वनिफिती, संगणकीय आज्ञावली असे सर्व काही ठेवता येते, एका नोंदीत 50 जीबीपर्यंतच्या फाइली मावतात, शुल्क पडत नाही आणि प्रत्येक नोंदीला 10.5281 या आकड्यांनी सुरू होणारा कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता उद्या बदलला, तरी हा क्रमांक वाचकाला योग्य जागी नेतो.

गूगल ड्राइव्हची लिंक, विभागाचे संकेतस्थळ किंवा संशोधकांसाठीचे समाजमाध्यम यांना संग्रह समजू नये. खाते बंद झाले, कर्मचारी बदलला किंवा कंपनीने धोरण बदलले की साहित्य नाहीसे होते.

झेनोडोवर जाण्यापूर्वी ‘ऑर्किड’ या संशोधकांच्या ओळखक्रमांक-सेवेची सोळा अंकी ओळख विनामूल्य काढून घ्यावी. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे अनेक संशोधक असतात. लग्नानंतर नाव बदलते. रोमन लिपीत एकच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. ही ओळख असली की सर्व लेखन एकाच व्यक्तीच्या नावावर राहते.

फाइल तयार करताना

मराठी साहित्याच्या बाबतीत टंकाकडे, म्हणजे फॉन्टकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात अक्षरजुळणी केलेला प्रबंध पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने त्यात रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात, त्यामुळे कोणतेही शोधयंत्र त्यातला एकही मराठी शब्द शोधू शकत नाही. याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ निवडावी, कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. तीच मराठी ओळ उमटली तर ठीक. निरर्थक चिन्हांची रांग उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालून, नवी पीडीएफ करावी. युनिकोड मजकुराच्या पीडीएफमध्येही कधी कधी वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल किंवा साध्या मजकुराची फाइलही त्याच नोंदीत ठेवावी. जुना टंकलिखित प्रबंध स्कॅन केलेला असेल, तर मराठी ओसीआर करावे, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखवून मजकुरात आणावीत. संपूर्ण मजकूर तपासणे शक्य नसेल, तर निदान शीर्षक, गोषवारा आणि प्रकरणांची नावे तरी हाताने दुरुस्त करावीत.

माहितीचे तक्ते सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात द्यावेत. एक्सेलमधून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा पर्याय निवडला नाही, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. तारीख 2023-07-09 अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे ती जुलैची की सप्टेंबरची असा प्रश्न पडत नाही. नमुना घेतलेल्या ठिकाणाला नुसते ‘स्थानक 3’ म्हणू नये. अक्षांश-रेखांश द्यावेत आणि शेजारी ‘ऐरोलीच्या बाजूला, ओहोटीच्या वेळी’ अशी साधी ओळ लिहावी. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि मोजण्याची पद्धत सांगणारी एक ‘वाचा’ फाइल सोबत असावी. ती लिहिताना समोर रसायनशास्त्राचा सहकारी नव्हे, तर इतिहासाचा अध्यापक बसला आहे असे समजावे.

नोंद लिहिताना

खरा कस येथे लागतो. एका गोषवाऱ्याची सुरुवात अशी असू शकते: ‘ठाणे खाडीच्या आंतरभरती क्षेत्रातील तलस्थ अपृष्ठवंशीय समुदायाच्या विविधता-निर्देशांकांचे ऋतुमानानुसार विश्लेषण.’ विषयातल्या परीक्षकाला हे पुरेसे आहे, पण कोळीवाड्याच्या अर्थव्यवस्थेवर काम करणारी संशोधक हे वाक्य वाचून पुढे निघून जाईल आणि तिला हवी असलेली माहिती याच निबंधात आहे, हे तिला कळणारही नाही. तेच असे लिहिता येते: ‘भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील चिखलात राहणाऱ्या शिंपल्या, खेकडे आणि कृमी यांचे प्रकार व त्यांची संख्या पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर कशी बदलते, याच्या नोंदी या निबंधात आहेत, यांतील काही जाती स्थानिक लोक खाण्यासाठी आणि विक्रीसाठी गोळा करतात.’ शास्त्रीय वाक्य काढून टाकण्याची गरज नाही; त्याच्या आधी हे वाक्य जोडावे. गोषवारा मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत द्यावा, निबंध कोणत्याही भाषेत असला तरी.

कळशब्दांच्या (कीवर्डच्या) चौकटीत शास्त्रीय नावाबरोबर स्थानिक नावही लिहावे. एव्हिसेनिया लिहिले, तर तिवर, खारफुटी आणि कांदळवन हेही लिहावे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीविषयी काम असेल तर खाजण हा शब्द असलाच पाहिजे, कारण महसुलाच्या कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात तोच आहे. माशांच्या यादीत जिताडा, बोय, निवटी ही नावे असावीत. इतिहासाच्या साहित्यात ठाण्याचे जुने रोमन लेखनही द्यावे, कारण ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये त्याच्या शेवटी ‘ई’ऐवजी ‘ए’ आहे आणि जुने लेखन शोधणाऱ्याला आजचे सापडत नाही, आजचे शोधणाऱ्याला जुने सापडत नाही. ‘संबंधित साहित्य’ या चौकटीत आपल्या छापील निबंधाचा डीओआय द्यावा, आणि त्याच जागेविषयी दुसऱ्या विषयातील कोणाचे काम माहीत असेल तर त्याचाही द्यावा. ही चौकट बहुतेक जण रिकामी सोडतात. वास्तविक दोन विद्याशाखांमधला पूल बांधला जातो तो येथेच.

परवाना, आणि काय ठेवू नये

परवाना निवडताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखकाचे श्रेय देऊन कोणालाही साहित्य वापरता येते. ‘एनडी’ अट, म्हणजे बदललेले रूप प्रसिद्ध करण्यास मनाई, असलेला परवाना घेतल्यास भाषांतर प्रसिद्ध करण्यासाठीही लेखकाची परवानगी लागते, आणि मराठीत ज्ञान यावे असे वाटणाऱ्याने ही अडचण स्वतःहून उभी करू नये. ‘एनसी’, म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई करणाऱ्या, अटीमुळे एखादा लहान मराठी प्रकाशक पाठ्यपुस्तकात नकाशा घेण्यास कचरतो.

दुसऱ्याचे साहित्य मात्र आपल्या नावाने खुले करता येत नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, 1893 पासूनच्या ग्रंथालयात एखादे दुर्मीळ पुस्तक हाती लागले, म्हणून ते स्कॅन करून टाकावे असे नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मुलाखती ठेवताना बोलणाऱ्याची लेखी संमती ‘ध्वनिमुद्रण खुले करण्यासाठी’ अशा स्पष्ट शब्दांत घ्यावी; नुसती मुलाखतीची संमती पुरत नाही. नावे, फोन क्रमांक, घराचा पत्ता काढून टाकावा. लहान वस्तीत वय, होडीचा प्रकार आणि गल्ली एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, याचे भान ठेवावे. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांची अचूक ठिकाणे देऊ नयेत. असे साहित्य मर्यादित प्रवेशात ठेवून त्याचे वर्णन तेवढे खुले ठेवण्याची सोय झेनोडोत आहे.

चढवताना आणि त्यानंतर

पहिल्या वेळी झेनोडोच्या ‘सँडबॉक्स’ या सराव-संकेतस्थळावर नोंद करून पाहावी. तेथील नोंदी खऱ्या धरल्या जात नाहीत. नोंद प्रसिद्ध झाल्यावर फाइलमध्ये चूक आढळली, तर नवी नोंद करू नये, ‘नवी आवृत्ती’ हा पर्याय वापरावा. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि सर्व आवृत्त्यांसाठी एक सामाईक डीओआयही असतो. नेमक्या आकड्यांचा आधार घेणाऱ्याने आवृत्तीचा क्रमांक द्यावा. सर्वसाधारण उल्लेखासाठी सामाईक क्रमांक चालतो.

झेनोडोवर कोणीही ‘कम्युनिटी’, म्हणजे विषयवार दालन, उघडू शकतो. ठाणे खाडीसाठी असे एक दालन दोन-तीन महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी मिळून सांभाळले, आलेली प्रत्येक नोंद स्वीकारण्यापूर्वी तिचा गोषवारा आणि कळशब्द दुसऱ्या विषयाच्या एका अध्यापकाकडून वाचून घेतले, तर वर सांगितलेली बरीच काळजी आपोआप घेतली जाईल. ग्रंथपालांना वर्गीकरणाची शिस्त असते. हे काम संगणक विभागाकडे सोपवण्यापेक्षा त्यांच्याकडे असणे योग्य.

अशा संग्रहांतील नोंदींची वर्णने 2001 पासून प्रचलित असलेल्या ओएआय-पीएमएच या पद्धतीने इतर शोधयंत्रे गोळा करतात. बीलेफेल्ड विद्यापीठाचे ‘बेस’ आणि ब्रिटनमधील ‘कोअर’ ही त्यांतली दोन मोठी. काही आठवड्यांनी तेथे आणि गूगल स्कॉलरवर आपले साहित्य शोधून पाहावे, पण शीर्षक घालून नव्हे. दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला बसवून त्याच्या शब्दांत शोध घेऊ द्यावा. त्याला नोंद सापडली नाही, तर त्याने जो शब्द टाइप केला तो कळशब्दांत घालावा. वर्णनात केव्हाही सुधारणा करता येते आणि तेवढ्याने डीओआय बदलत नाही.