शाळेत श्वानपथक बोलवायचं, तर आधी काय तयारी?

सुरुवात कागदापासून. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. पालकसभेत "यंदा कधीतरी श्वानपथक येईल" एवढंच सांगा, तारीख नको. मग पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. त्यात 'अंमली पदार्थ शोधक श्वान' असं स्पष्ट लिहा, कारण स्फोटकं शोधणारं किंवा चोराचा माग काढणारं कुत्रं या कामाचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गांजाच्या लागवडीवर कारवाया होतात, म्हणून गांजाचा वास त्याला ठाऊक असेल असं वाटतं. तरी आपल्याकडे येणारा श्वान नेमक्या कोणत्या वासांवर तयार केला आहे, हे त्याला हाताळणाऱ्या पोलिसाला, म्हणजे हस्तकाला, विचाराच. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर सहसा त्याच्या शिक्षणात नसतं. ते शिक्षकांनाच ओळखावं लागतं.

खान्देशात वेळ फार सांभाळावी लागते. धापा टाकणारं कुत्रं तोंडाने श्वास घेतं, मग नीट हुंगणार कसं? मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतच, ऊन चढण्याआधी उरका. त्यापेक्षा दिवाळीनंतरचे थंड दिवस बरे. खिचडी शिजायच्या आत काम संपवा. त्या सकाळी फिनाईलने फरशी पुसू नका, सांडलेला खाऊ झाडून घ्या, मोकाट कुत्री फाटकाबाहेर काढा.

वर्गात मुलांना दप्तरं जमिनीवर, भिंतीपासून हातभर पुढे, दोन-अडीच फुटांच्या अंतराने ठेवायला सांगा आणि रिकाम्या हातांनी बाहेर न्या. पंखे दहा मिनिटं आधी बंद करा. वास सापडला की श्वान तिथे बसून खूण देतो; वाऱ्याने वास सरकतो आणि तो शेजारच्या दप्तरापाशी बसतो. वीसेक मिनिटांनी त्याला सावली, पाणी आणि विश्रांती लागते, म्हणून सगळी शाळा एका दमात काढायचा हट्ट नको. स्वच्छतागृहांची मागची बाजू, पाण्याची टाकी, सायकल स्टँड आणि कुंपणाची भगदाडं आधी घ्या. लपवणारा माल अंगाजवळ क्वचितच ठेवतो.

मुलांच्या अंगाला कुत्र्याने हुंगायचं नाही, कधीही नाही. घाबरलेलं मूल झटका देतं, कुत्रं चावू शकतं. शिवाय सगळ्यांसमोर लागलेला डाग पुसत नाही.

श्वान बसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. दप्तर घरातल्या कुणाच्या वस्तूंसोबत राहिलं असेल, तरी वास उरतो. दप्तराला हात लावू नका. पोलिसांनी पंचांसमोर उघडावं, पालकांना लगेच बोलवावं, मुलाशी बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानेच बोलावं. मुलीची अंगझडती महिलेनेच घ्यायची, हे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. फोटो, नाव शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ मोडतं. त्याच कायद्याचं कलम ७७ मुलाला नशा पुरवणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. तपासाचा रोख तिकडे हवा.

पथक गेल्यावर शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर मोजा. त्या आत तंबाखू विकणारी टपरी असेल, तर लेखी तक्रार द्या. सापडलेल्या मुलाला दाखला देऊन घालवू नका; व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक पालकांच्या हातात लिहून द्या.