जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकताय? मग घरचं वायफाय असं जोडा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे कितीतरी लॅपटॉप चांगले ठणठणीत असूनही विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, मग घरात कोणीतरी म्हणतंच की चला याच्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचाच एक प्रकार) टाकून बघू. जरूर टाका. ४ जीबी रॅम असली तरी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण नवीन माणूस अडकतो तो ठरलेल्या एका जागी, सगळं इन्स्टॉल होतं, छान डेस्कटॉप येतो आणि वायफाय दिसतच नाही, आणि वायफाय नाही म्हणून उपाय शोधायला नेट पण नाही. मग लिनक्सच बेकार म्हणून लॅपटॉप परत कपाटात. असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय. मिंट धरून लिहितोय, उबंटूवर पण साधारण असंच आहे, मेनूची नावं तेवढी वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचं, इन्स्टॉल करायच्या आधी तपासा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला की ते हार्डडिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरूनच चालतं, इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत तुमचं जुनं विंडोज आणि फोटो जागच्या जागी असतात. खाली उजवीकडे घड्याळाजवळ नेटवर्कचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करा, घरच्या वायफायचं नाव दिसलं तर पासवर्ड टाका, एखादा व्हिडिओ लावा आणि लॅपटॉप उचलून जिथे रोज बसणार आहात त्या खोलीत जाऊन बघा. तिथे चालला म्हणजे तुमचं काम जवळपास झालंच.

नाव दिसलं नाही तर घाबरू नका, आधी आत वायफायचं कार्ड कुठलं आहे ते बघा. मेनूत सिस्टिम रिपोर्ट्स शोधा (नवीन आवृत्तीत सिस्टिम इन्फॉर्मेशन असेल), त्यात नेटवर्क नावाचा भाग आहे, तिथे कार्डाचं नाव आणि पुढे ड्रायव्हर (कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर) लिहिलेला असतो. इंटेल आणि त्यापुढे आयडब्ल्यूएलवायफाय असं दिसलं तर निर्धास्त राहा. ॲथेरॉसची जुनी कार्डं पण बहुतेक वेळा लगेच चालतात. ड्रायव्हरच्या जागी एन/ए लिहिलंय म्हणजे कार्ड आहे पण त्याला चालवणारं कोणी नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर मुळात कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) आतच येतात, ज्या कंपन्यांनी आपला कोड तिथे दिलाय त्यांची कार्डं आपोआप चालतात आणि ज्यांनी नाही दिला त्यांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. ब्रॉडकॉमचं बीसीएम ४३१४२ हे त्यातलं नेहमीचं कार्ड, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सापडतं. रियलटेकची काही कार्डं पण अशीच, पण नवीन कर्नलमध्ये त्यातली बरीच आता चालायला लागलीत.

वेगळा ड्रायव्हर टाकायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, ह्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे तुमचा मोबाईल. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा (केबल डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगवाली चालत नाही), फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टिथरिंग उघडून यूएसबी टिथरिंग चालू करा. मिंटला वाटतं की लॅन केबल लावलीये आणि नेट चालू होतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, त्यामुळे डेटा पॅक संपायची पण काळजी नाही. राऊटर जवळ असेल तर सरळ लॅन केबल लावा, ते तर सगळ्यात उत्तम.

आता मिंट इन्स्टॉल करून झालं की मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, थोडा वेळ शोधाशोध करून तो तुमच्या कार्डासाठी ड्रायव्हर सुचवेल, त्यापुढे रेकमेंडेड लिहिलेलं असतं तो निवडा, अप्लाय करा, रीस्टार्ट करा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते, ती वाट बघते फक्त दहा सेकंद. बरेच जण ती व्हायरस वगैरे समजून तशीच जाऊ देतात आणि मग ड्रायव्हर टाकून पण वायफाय येत नाही. त्या स्क्रीनवर कुठलंही बटण दाबा, एनरोल एमओके निवडा, कंटिन्यू, यस, आणि मघाशी ठरवलेला पासवर्ड. झालं. हे नको असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग) जाऊन सिक्युअर बूट बंद केलं तरी चालतं.

एवढं करून पण कार्ड जागं होत नसेल तर दिवस वाया घालवू नका, छोटा यूएसबी वायफाय डोंगल घ्या. फक्त घेताना डब्यावरचा स्पीड बघून घेऊ नका, आत चिप कुठली आहे ते विचारा. मीडियाटेकची एमटी ७६०१यू चिप असलेले स्वस्त डोंगल मिंटमध्ये लावले की लगेच चालतात, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१५ पासून आहे.

कधी कधी ड्रायव्हर बरोबर असतो, पण वायफायच बंद करून ठेवलेलं असतं. टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा, इंग्रजी अक्षरांत आरएफकिल, स्पेस, लिस्ट असं टाईप करून एंटर मारा. सॉफ्ट ब्लॉक्डपुढे यस असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल (हे पण इंग्रजीत, मध्ये एकेक स्पेस देऊन) एवढ्याने सुटतं. हार्ड ब्लॉक्डपुढे यस असेल तर लॅपटॉपच्या कडेला छोटा सरकवायचा स्विच असतो तो बघा, नाहीतर एफएन धरून विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली की दाबा. आणि विंडोज ठेवून बाजूला मिंट टाकलं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि वायफाय कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं, मग मिंटमध्ये कधी दिसतं कधी दिसत नाही.

शेजाऱ्यांची सगळी नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, असं असेल तर राऊटरकडे वळा. जुन्या लॅपटॉपमधली बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात आणि तुमचं नाव नेमकं ५ गिगाहर्ट्झवर असतं. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरला १९२.१६८.२९.१, आकडे अर्थातच इंग्रजीत. आत वायरलेसमध्ये २.४ चालू आहे ना बघा आणि दोन्हीला वेगवेगळी नावं द्या म्हणजे कुठला लॅपटॉप कशावर आहे ते कळतं. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी ठेवा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, आणि १२-१३ टाळा कारण देशाचं सेटिंग ठरलेलं नसेल तर लिनक्स त्या चॅनलवर जपून वागतं. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि एईएस अशी ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुनी कार्डं जोडलीच जात नाहीत, आणि एईएसच्या जागी जुनं टीकेआयपी ठेवलं तर स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, कितीही भारी प्लॅन घ्या. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय) बंद करा, त्याच्या पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. वायफायचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर ठेवता येतं, पण नावाला जागा ३२ बाइटची आणि आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन बाइट खातं, म्हणजे दहाच चिन्हं. "आमचं घर" आरामात बसतं, आडनाव घालायला गेलात तर अवघड आहे. काही राऊटर तर देवनागरी घेतच नाहीत.

पासवर्ड बरोबर असून पण परत परत विचारतोय? शो पासवर्डवर टिक करून काय टाईप होतंय ते डोळ्यांनी बघा. इन्स्टॉल करताना कीबोर्ड चुकून इंग्लिश यूके निवडला गेला असेल तर ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांची अदलाबदल होते, आणि आपल्याकडे निम्म्या पासवर्डांत ॲट असतंच. मराठी कीबोर्ड चालू राहिलाय का ते पण बघा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हे कनेक्शन सगळ्या युजरना वापरता यावं असा पर्याय आहे तो चालू ठेवा, मग लॉगिनच्या आधीच वायफाय जोडलं जातं आणि कीरिंगचा (साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागणारी खिडकी मध्ये येत नाही.

जोडलं जातं पण मधूनच सुटतं किंवा व्हिडिओ अडकतो, याला बहुतेक वेळा कार्डाची वीज वाचवायची सवय कारण असते. फाईल सिस्टिममध्ये ईटीसी, त्यात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी अशा फोल्डरमध्ये जा, राइट क्लिक करून ओपन ॲज रूट करा, तिथे वायफाय पॉवरसेव्ह नावाची फाईल असते. तिच्यात शेवटी ३ आहे तो २ करा, सेव्ह करा, रीस्टार्ट. बॅटरी थोडी जास्त जाते, पण ऑनलाईन क्लास मध्येच तुटण्यापेक्षा ते परवडलं.

अगदी जुन्या मशिनवर अजून एक होतं. वायफाय जोडलेलं, रेंज पूर्ण, आणि तरी प्रत्येक साईट असुरक्षित असल्याचा इशारा. घड्याळावरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला सगळी सर्टिफिकेटं (साईट खरी असल्याचे दाखले) चुकीची वाटतात. तारीख हाताने बरोबर करा आणि सेल बदलून घ्या, बहुतेकांत सीआर २०३२ असतो.

एकदा वायफाय नीट चाललं की मेनूतलं वॉर्पिनेटर उघडून बघाच, मिंटसोबतच येतं. घरातल्या दोन लॅपटॉपवर उघडलं की दोघं एकमेकांना दिसतात आणि लग्नाचे सगळे फोटो पेनड्राइव्हशिवाय इकडून तिकडे जातात, नेटचा डेटा अजिबात न जाता. अँड्रॉइडसाठी पण त्याचं ॲप मिळतं. दिसत नसतील तर दोन गोष्टी तपासा, एखादं मशिन गेस्ट नेटवर्कवर आहे का (तिथे मशिन एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात), आणि फायरवॉल चालू केली असेल तर त्यात वॉर्पिनेटरला वाट दिलीये का. नवीन वायफाय प्रिंटर असेल तर तो त्याच नेटवर्कवर आणा, बऱ्याचदा ड्रायव्हर न टाकताच प्रिंटच्या यादीत आपणहून येतो.