व्ही-क्रॉस उचलली, पण दोनच इंच

दिंडोरीकडच्या मळ्यात द्राक्षांचे क्रेट भरले की आमच्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचं मागचं बूड बसायचं आणि चाकोरीतल्या उंचवट्याला पोट घासायचं. गॅरेजवाल्यांचा एकच धोशा, "शेठ, चार इंच उचला!" दिसते झकास, पण पुढच्या चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांवर स्वतंत्र हलतं. फार उचललं की ॲक्सलचे सांधे तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. म्हणून दोन इंच.

नुसता स्पेसर, म्हणजे उंची वाढवायला घालायचा ठोकळा, स्वस्त पडतो, पण शॉकअप जुनेच. खड्ड्यात चाक लोंबलं की ठण्ण. मी पुढे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही नवे घेतले. खरी मेख मागच्या पाट्यांत, म्हणजे लीफ स्प्रिंगांत. ते नेहमीच्या वजनाप्रमाणेच निवडा. जड पाटे टाकून गाडी रिकामी फिरवली तर कंबरडं मोडतं!

फिटिंग चालू असताना मिस्त्रीजवळ उभं राहा. पाट्यांचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर पाट्यांचे रबरी बुश पिळलेले राहतात, लवकर जातात. मग अंबडला अलाइनमेंट केलं, हेडलाइटचा झोत खाली घेतला. आता भरलेली गाडी घासत नाही. वळणावर थोडी झुकते, तेवढं चालायचंच. आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबद्दलच आहे, पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.